सड्यावरचं होकायंत्र: पहिल्या कुमार कादंबरीत रहस्य, भय, विज्ञान आणि प्रेम एकत्र आणताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिलीच कादंबरी, टाइप केलेली २१० पानं लिहून झालीत. नायिका सई, वय १५, दहावीची परीक्षा देऊन मुंबईहून मालवणजवळच्या आजोळी आलेली. मामा बेपत्ता आहे. घरामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, एक कातळशिल्प आहे आणि त्याच्यापाशी गेलं की मोबाइलमधलं होकायंत्र भरकटतं. आजी म्हणते, ती राखणदाराची जागा. शेजारच्या वाडीतला एक मुलगा सईच्या मदतीला येतो आणि दोघं एकमेकांत गुंततात. एका प्रकाशकांनी सांगितलं, भुताचं काढा, शाळांमध्ये अडचण येते. दुसऱ्यांनी सांगितलं, प्रेमाचं काढा, म्हणजे बालसाहित्यात घालता येईल. तुम्ही विचारताय, यातलं काय काढू, आणि अशी सरमिसळ मराठीत चालते का?

मी १९ वर्षं कुमारवयीन वाचकांसाठी लिहितेय आणि त्यातली ११ वर्षं इतरांची हस्तलिखितंही संपादनासाठी वाचतेय. त्या अनुभवावरून सांगते: आत्ता काहीही काढू नका. काय काढायचं ते आपोआप कळेल, पण त्याआधी एक गोष्ट ठरायला हवी. तुम्ही कथेतली माणसं सांगितलीत, जागा सांगितलीत, प्रसंग सांगितलेत. शेवट सांगितला नाहीत. शेवटच्या पानावर वाचकाला कशाचं उत्तर मिळणार आहे? मामा कुठे गेला याचं? राखणदार आहे की नाही याचं? की सई आता कुणावर विश्वास ठेवते याचं? दोन्ही प्रकाशक 'ही नेमकी कशात मोडते' असं विचारत होते, तेव्हा माझ्या मते त्यांना हेच कळत नव्हतं. त्यांनी उपाय चुकीचा सुचवला, पण त्यांची अडचण खरी होती.

सरमिसळ चालते का, याबद्दल मनातली भीती आधी काढून टाका. मराठी कादंबरी १८५७ साली सामाजिक प्रश्न घेऊन सुरू झाली आणि १८६० नंतरच्या दशकात ती लगेच अद्भुताकडे वळली: राजपुत्र, जादू, गुप्त वाटा, वेषांतरं. पुढे रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा या तिन्हींना मराठीत स्वतःचा मोठा वाचक मिळाला. मुलं तर लहानपणापासून हे सगळं एकत्रच ऐकत आलेली असतात. आजीच्या गोष्टीत भूत असतं, चोर असतो, हसूही असतं आणि शेवटी कुणाचं तरी लग्नही लागतं. कप्पे दुकानात आणि ग्रंथालयात लागतात. अमेरिकेतल्या ग्रंथपालांनी १२ ते १८ या वयासाठी वेगळा विभाग धरला, त्याला 'यंग अॅडल्ट' नाव मिळालं. आपल्याकडे हा वाचक 'बाल-कुमार' अशा जोडनावात अडकलेला राहतो आणि त्याचं पुस्तक सहा वर्षांच्या मुलाच्या चित्रपुस्तकाशेजारी ठेवलं जातं. तुम्हाला मिळालेले दोन्ही सल्ले या मांडणीतून आलेत.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुमचा वाचक ११-१२ वर्षांचा असेल, तर भय आणि प्रेम या दोन्हींची मात्रा वेगळी ठेवावी लागेल. १४ ते १७ असेल तर मोकळीक आहे. मुलं साधारणपणे आपल्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या नायक-नायिकेबद्दल वाचतात, म्हणजे १५ वर्षांच्या सईला १३ वर्षांची मुलंही हातात घेणार, हे धरून चाला. पुस्तक शाळांच्या ग्रंथालयांमध्ये जावं असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर ते कोणत्या शाळांमध्ये, हेही बघावं लागेल. काही शिक्षिका अशी पुस्तकं स्वतः मागून नेतात, काही ठिकाणी कव्हरवर कवटी दिसली तरी परत येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: राखणदार खरा आहे की नाही, हे तुम्हाला स्वतःला माहीत आहे का? वाचकाला सांगायचं की नाही ते नंतर बघू. तुम्हाला माहीत असायला हवं.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतेय, ते माझ्या पहिल्या पुस्तकावरून सांगते. त्यात पहिली ६० पानं साहसकथा होती, मग एक पडका वाडा आला आणि भयकथा सुरू झाली, आणि शेवटच्या प्रकरणात एक निवृत्त शिक्षक येऊन सहा पानांत सगळ्या प्रकारांमागचं विज्ञान समजावून सांगत. मला वाटलं होतं, तीन प्रकार एकत्र आणले. पुस्तक आल्यावर एका तालुक्याच्या गावी नववीच्या वर्गात वाचनासाठी गेले. शेवट वाचून झाल्यावर तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे बाई, ती घाबरली ते उगाचच ना?" मला उत्तर देता आलं नाही. त्या मुलीने चाळीस पानं नायिकेबरोबर भीती सोसली होती आणि मी शेवटी तिला सांगितलं होतं की त्यात काही नव्हतं. तिची फसवणूक झाली होती. शिवाय उलगडा केला कुणी, तर मोठ्या माणसाने. नायिका बाजूला बसून ऐकत होती. दोन्ही चुका मला त्या वर्गात उभं असताना कळल्या.

त्यानंतर मी काय करते, ते सांगते. आपल्याकडे याचा विचार हजार-अकराशे वर्षांपूर्वी झालेला आहे. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त म्हटलंय की एका प्रबंधात, म्हणजे मोठ्या काव्यात किंवा नाटकात, अनेक रस असू शकतात, पण त्यातला एक अंगी, म्हणजे मुख्य, आणि बाकीचे त्याची अंगं. मला हे सूत्र आजच्या कादंबरीला जसंच्या तसं लागू पडलेलं दिसतं. तुमच्या कथेचा अंगी कोणता? रहस्य असेल, तर मामाच्या शोधाने शेवट व्हायला हवा आणि भीतीचा प्रत्येक प्रसंग त्या शोधात एक नवा धागा देऊन गेला पाहिजे. भय असेल, तर मामा सापडला तरी काहीतरी उरलं पाहिजे. शेवट ज्या प्रकारचा, कादंबरी त्या प्रकारची. बाकीचे प्रकार तिच्या अंगाने वाढू देत, कितीही वाढू देत.

तुमचं टिपण वाचून मला ही रहस्यकथा वाटते. मामा बेपत्ता आहे हे पहिल्याच ओळीत आलंय, आणि पहिल्या ओळीत दिलेला शब्द वाचक विसरत नाही. पण हे मी बाहेरून सांगतेय. तुम्ही शेवटची दोन पानं आत्ताच लिहून बघा, मधलं काहीही पक्कं नसलं तरी चालेल. माझ्या तिन्ही पुढच्या कादंबऱ्यांत मी हे केलंय. ती पानं नंतर बदलली, पण कादंबरी कुठे निघालीय ते त्यांनी सांगितलं.

आता भय आणि विज्ञान. तुम्ही नमुन्यादाखल पाठवलेला परिच्छेद असा आहे: "ती शिल्पाजवळ गेली आणि अचानक होकायंत्र गरगरा फिरू लागलं. तिच्या अंगावर काटा आला. तिथे काहीतरी भयंकर होतं." यात सई घाबरलीय, पण वाचक घाबरत नाही, कारण त्याला विचार करायला काही दिलेलंच नाही. दहावी झालेली, फोन हातात घेऊन वाढलेली मुलगी काय करेल? मी तो प्रसंग असा लिहून पाहिला:

"काटा उत्तरेवरून सरकला आणि समुद्राकडे जाऊन थांबला. सईने फोनचं कव्हर काढलं. कव्हराच्या झाकणात चुंबक असतो, तो होकायंत्राला फसवतो, हे तिला माहीत होतं. कव्हर तिने दहा पावलं लांब करवंदीच्या जाळीपाशी नेऊन ठेवलं. परत येऊन फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवला. काटा पुन्हा समुद्राकडे. मग तिने पाठपिशवीतून मामाचं पितळी होकायंत्र काढलं. त्यात ना बॅटरी, ना नेटवर्क. ते तिने कातळावर टेकवलं. सुई थोडी थरथरली आणि तीही समुद्राकडे वळली."

यात 'भयंकर' हा शब्द नाही, अंगावरचा काटा नाही. सई एकेक शक्यता तपासून बाद करतेय आणि प्रत्येक शक्यता बाद झाली की सुटकेची एक वाट बंद होतेय. ती जे करतेय ते प्रयोगशाळेतलं काम आहे, आणि वाचकाला भीती वाटतेय ती त्याच कामामुळे. विज्ञान आणि भय यांना जोडणारा टाका असा एका कृतीत घातला, की कुठून कुठे गेलो ते वाचकाला दिसत नाही. माझ्या पहिल्या पुस्तकात भय ४० पानं आणि मग विज्ञान सहा पानं, असे दोन वेगळे तुकडे शेजारी ठेवले होते.

होकायंत्राची गोष्ट कोकणात खरी आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पापाशी होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं. जरा खोलात जा, कारण तुमच्या कथेचं सोनं इथे आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अगदी क्षीण असतं, जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला. फोनमधली चिप ते मोजते आणि साध्या मोफत अॅपवर तो आकडा दिसतो. म्हणजे सई सड्यावर दोरी लावून हात-हात अंतरावर आकडे घेऊ शकते, वहीच्या चौकटीच्या कागदावर मांडू शकते. समजा, तिच्याआधी मामाने हेच केलं होतं. त्याच्या वहीत आकड्यांची जाळी आहे, पण दोन ओळी रिकाम्या आहेत. मामा तिथेच का थांबला? आता विज्ञान हे रहस्याचं अंग झालं. कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

आणखी एक. वीज पडली की त्या जागचा लोहयुक्त दगड कायमचा चुंबकीय होऊ शकतो, हे भूशास्त्रात माहीत असलेलं आहे. तुमच्या कथेत तसंच झालंय असं ठरवायला तुम्ही मोकळ्या आहात. आता आजीच्या तोंडी हे घाला: "ईज पडलेली गो थंय. खूप वर्सां झाली. तेवापासून ती जागा राखणदाराची." आजीची आठवण आणि मामाची वही एकाच घटनेकडे बोट दाखवतायत. आजी खोटी पडत नाही, विज्ञान खोटं पडत नाही. नववीतल्या त्या मुलीने मला हाच प्रश्न विचारला असता, तर या कथेत मी तिला सांगू शकले असते की नाही, उगाच नाही घाबरली.

हे हाताळायला मी एक वही ठेवते. प्रत्येक चमत्कारिक घटनेसाठी पानावर तीन रकाने. पहिल्यात गावाचं म्हणणं, दुसऱ्यात तपासून कळलेलं, तिसऱ्यात खरं काय झालं ते. तिसरा रकाना वाचकाला कधी दाखवायचा नाही असंही ठरू शकतं, पण तो रिकामा ठेवायचा नाही. लेखकाला माहीत नसलेली गूढता वाचकाला लगेच कळते. १५ वर्षांच्या वाचकाला तर फारच लवकर कळते. तुमच्या २१० पानांत अशा किती घटना आहेत ते मोजा. नऊ असतील आणि तिसरा रकाना चारच ठिकाणी भरता आला, तर उरलेल्या पाच घटना आत्ता फक्त वातावरणासाठी आहेत. त्या जातील.

राखणदाराबद्दल एक विनंती आहे. सिंधुदुर्गात ती जिवंत श्रद्धा आहे. लोक गाऱ्हाणं घालतात, म्हणजे आपलं मागणं त्याच्यापुढे मांडतात, वर्षाचा मान देतात. तो गाव राखणारा आहे, झपाटणारं भूत नाही. पहिल्या प्रकाशकांनी 'भुताचं काढा' म्हटलं, तेव्हा हा फरक हस्तलिखितात पुरेसा दिसत नसावा अशी मला शंका आहे. तो फरक स्पष्ट करा. राखणारा आहे म्हटल्यावर प्रश्नच बदलतो: तो कुणापासून राखतोय, आणि सई त्याच्या दृष्टीने आतली की बाहेरची? मुंबईहून आलेल्या मुलीच्या मनात हा प्रश्न भुताच्या भीतीपेक्षा जास्त खोल जातो. आजोळच्या गावात आपण पाहुणे की घरचे, हे कोकणातल्या प्रत्येक चाकरमान्याच्या मुलाला कधीतरी पडलेलं कोडं आहे.

आता प्रेमाचं. काढायचं की ठेवायचं हे ठरवायला माझी कसोटी सोपी आहे. तो धागा ओढून काढला तर शेवट बदलतो का? बदलत नसेल, तर तो सजावटीचा आहे आणि प्रकाशकांचं बरोबर आहे. तुमच्या सध्याच्या आराखड्यात मुलगा फक्त मदतनीस आहे. तो नसता तर सईला सड्यावर एकटं जावं लागलं असतं, इतकाच फरक. त्याला कथेत रोवायला काय करता येईल? सड्यावर चिरेखाणी, म्हणजे बांधकामासाठी जांभा दगड कापायच्या खाणी, असतात. समजा, त्याच्या वडिलांची चिरेखाण आहे, तिचं तोंड दरवर्षी कातळशिल्पाकडे सरकतंय, आणि मामाचं शेवटचं भांडण त्यांच्याशीच झालं होतं. मुलाला यातलं काहीतरी ठाऊक आहे आणि त्याने ते सईला सांगितलेलं नाही. आता ती त्याच्यावर विश्वास ठेवते की नाही, यावर मामाचा शोध अवलंबून आहे. प्रेम हे रहस्याच्या पोटात गेलं. ते काढून दाखवा म्हटलं तर कुणालाच काढता येणार नाही.

इथे सईला खरा निर्णयही घ्यावा लागतो, आणि कुमार कादंबरीला तोच हवा असतो. कोकणातल्या नऊ जागांची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेली: सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि एक गोव्यातलं. पण सड्यांवर अशी शिल्पं याहून कितीतरी जास्त आहेत आणि त्यांतली बरीच कुणाच्या ना कुणाच्या खाजगी जमिनीत आहेत. सईला सापडलेलं शिल्प तिने जगाला सांगितलं तर ते वाचेल, पण मुलाच्या घराची कमाई थांबेल. सांगितलं नाही तर खाण पुढे सरकेल. कोणत्याही बाजूला किंमत आहे. ती किंमत सईने स्वतः मोजली पाहिजे. शेवटच्या घटकेला तलाठी, पोलीस किंवा पुरातत्त्व खात्यातले साहेब येऊन तिची सुटका करणार असतील, तर तुम्ही मी केलेली चूक करताय. मोठी माणसं कथेत असू देत, चांगलीही असू देत, पण निर्णयाच्या वेळी ती दुसऱ्या खोलीत असावीत.

एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना धक्का बसतो, असं तुम्ही लिहिलंय. विशेषतः सड्यावरच्या भीतीनंतर लगेच दोघांमधला हळवा प्रसंग खोटा वाटतो. हे होणारच. परस्परविरोधी रस एकमेकांना लागून ठेवू नयेत, मध्ये दोघांनाही चालेल असा तिसरा रस घालावा, हेही जुन्या शास्त्रात सांगितलेलं आहे, आणि त्याचं उदाहरण 'नागानंद' या संस्कृत नाटकातलं देतात. नायक जीमूतवाहन शांत, विरक्त वृत्तीचा. त्याच्या मनात मलयवतीबद्दल शृंगार जागवायचा आहे. मध्ये गाणं ऐकू येतं, "अहो गीतम् अहो वादित्रम्" असं तो थक्क होऊन म्हणतो, आणि त्या विस्मयावरून नाटक शृंगाराकडे जातं. अद्भुत हा पूल झाला. मी हे प्रत्यक्ष वापरते. तुमची कथा मेमध्ये घडतेय. मे संपत आला, वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेले, की कोकणात काजवे दिसायला लागतात. दोघं घाबरून सडा उतरतायत, कुणी कुणाशी बोलत नाही, खाली वहाळापाशी येतात आणि समोरचं अख्खं झाड एका तालात उजळतंय, विझतंय. दोघं थांबतात. आधीच्या भीतीने धपापणारं काळीज तेच आहे, कारण बदललंय. त्यानंतर मुलाने सईचा हात धरला तर वाचक मान्य करेल. या पुलाला अर्धं पान पुरतं.

भाषेबद्दल थोडक्यात. आजीची मालवणी ठेवा, कंसात अर्थ देऊ नका. "तिन्हीसांजेक सड्यार जाव नको" असं आजी म्हणाली आणि सईने घड्याळाकडे बघून "अजून तर उजेड आहे" म्हटलं, की अर्थ कळला. मालवणी तपासायला त्याच तालुक्यातलं माणूस शोधा, कारण दर दहा कोसांवर ती बदलते. मुलांच्या आजच्या बोलीतले शब्द मात्र हात राखून वापरा. पुस्तक छापून येईपर्यंत त्यातले निम्मे जुने झालेले असतात.

पुढचा मसुदा झाला की पाच-सहा मुलांना वाचायला द्या, त्यांच्या पालकांना विचारून. 'आवडलं का' असं विचारू नका, मुलं मोठ्यांना वाईट वाटू नये म्हणून हो म्हणतात. मी पेन्सिल देते आणि सांगते, जिथे पुस्तक खाली ठेवशील तिथे खूण कर आणि का ठेवलंस ते लिही. एका हस्तलिखितात पाचपैकी तिघांची खूण एकाच पानावर होती. एकाने शेजारी लिहिलं होतं, "इथे जेवायला गेलो." दुसऱ्या मुलीने त्याच्या आधीच्या प्रकरणापाशी लिहिलं होतं, "आई हाक मारत होती, गेले नाही." त्या दोन वाक्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्याच परीक्षणाने शिकवलं नाही. जेवायला गेलेल्या पानावर गावाचा इतिहास सुरू होत होता. तो आम्ही दोन परिच्छेदांत आणला.

प्रकाशनाचा भाग. प्रकाशकांना पाठवताना 'रहस्य-भय-विज्ञान-प्रेम' असं लिहू नका. 'कुमार रहस्य कादंबरी, वय १३ ते १७' एवढंच लिहा, सोबत एका पानाचा गोषवारा, त्यात शेवटही सांगा. संपादकापासून शेवट लपवण्यात अर्थ नाही, त्याला तोच बघायचा असतो. बाकीचे रंग पहिल्या तीन प्रकरणांत दिसतीलच. लांबी पानांत मोजू नका, शब्दांत सांगा. या वयासाठी मी ४० ते ५५ हजार शब्दांत राहते. छापील पानावर २५० शब्द धरले तर ५५ हजारांची २२० पानं होतात, म्हणजे १६ पानी १४ फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा गठ्ठा म्हणजे फर्मा). त्यापुढे कागदाचा खर्च आणि पुस्तकाची किंमत दोन्ही चढतात आणि कुमारांचं पुस्तक महाग झालं की पालक हात आखडतात.

करार लेखी हवा. स्वामित्वहक्क तुमच्या नावावर राहू दे. भाषांतर, श्राव्य पुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या, सरसकट देऊ नका. छपाईसाठी तुमच्याकडून पैसे मागितले तर ते तुम्ही काढलेलं पुस्तक आहे, हे समजून मग ठरवा. त्यात कमीपणा नाही, पण मग हिशेब आणि उरलेल्या प्रती कुणाच्या, हे आधी स्पष्ट झालं पाहिजे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो, त्याचे पैसे कुणाला देऊ नका. मुखपृष्ठ छापण्याआधी दाखवा, अशी अट घाला. माझ्या एका पुस्तकावर प्रकाशकांनी मला न विचारता गोबऱ्या गालांचा मुलगा आणि हसरं भूत छापलं होतं, आणि ज्यांच्यासाठी ते लिहिलं त्या नववी-दहावीच्या मुलांनी ते उघडलंच नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

पुस्तकाआधी नाव पोचवायचं असेल, तर दिवाळी अंक हा आपल्याकडचा चांगला रस्ता आहे. 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून नवे लेखक त्या वाटेने येत आलेत. होकायंत्राचा प्रसंग स्वतंत्र कथा म्हणून उभा राहू शकतो. मजकूर जुलैपर्यंत पाठवा, ऑगस्टनंतर अंक भरलेले असतात. कथास्पर्धाही सोडू नका. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली पहिली विज्ञानकथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती, नावाकडे बघून निवड होऊ नये म्हणून. तिला पहिलं बक्षीस मिळालं. स्पर्धेत तुमचं नाव नवं असण्याचा तोटा नसतो.

क्रम असा धरा: आधी शेवटची दोन पानं, मग तीन रकान्यांची वही, मग मुलाला खाणीशी जोडून घेणं. एवढं झालं की २१० पानांतली कोणती गळणार ते तुम्हाला मला विचारावं लागणार नाही. माझ्या अंदाजाने ३०-४० पानं जातील, आणि त्यात आजीचं एकही पान नसेल.

शेवटी माझा एक प्रश्न आहे. मामा जिवंत आहे का, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाहीत. त्याचं पितळी होकायंत्र घरी राहिलंय, म्हणजे त्या दिवशी तो सड्यावर मोजायला गेला नव्हता. मग कशाला गेला होता?